आमच्या हातच्या विटा

ये, अशी जवळ सरक. इतक्या लांबून माझं बोलणं तुले ऐकू येणार नाही, अन् कागदावर मी किती ओरडू? आधी तुझा कान धरते, मग बाकीचं. मागे फोनवर तू काय म्हणालीस ते आठवते ना? "आजी, तुमचं बरं आहे. सरकारनं फुकट घर देल्लं, वरून महिन्याची पगार." तू हसत बोललीस, मीही हसली. पण फोन ठेवून चुलीपाशी बसली तर भाकर थापता थापता तेच डोक्यात. माझ्या सख्ख्या भावाची नात, नागपुरात एवढं शिकून राह्यली, अन् तिले आपल्या आजीचं घर कसं उभं राहिलं ते माहीत नसावं? आता तूच म्हणशील, सांगितलं होतं काय कधी? नव्हतं सांगितलं. म्हणून लिहायले बसली. शाळेत मी गेली नाही, पोराच्या पुस्तकावरून अक्षरं शिकली, तेव्हा वेलांटी इकडची तिकडे झाली तर हसू नको.

आमचा तांडा घाटंजीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. आपले पूर्वज बैलांवर मीठ अन् धान्य लादून मुलुखभर फिरत, त्याले लदेणी म्हणत. मग कधी तरी इथं थांबले, जमीन धरली, शेतकरी झाले. पण काही गोष्टी अंगातून जात नाहीत. माझी सासू सांगायची, लदेणी निघायची तर साऱ्यांची एकदम. तांड्याच्या म्होरक्यानं, नायकानं, सांगितलं की एकाच सकाळी साऱ्या पालांच्या दोऱ्या सुटायच्या. एखाद्याचं पाल उभं राहिलं अन् बाकीचे निघाले, असं व्हायचं नाही. हे तू ध्यानात ठेव, कारण याच्यापायीच आम्ही मोठे फसलो.

माझं जुनं घर कुडाचं होतं, वर मातीचे कवेलू. माझा नवरा, तुझे इकडचे आजोबा, गेल्यापासून मी त्यात एकटीच. पोरगा पुण्याले कंपनीत, सून तिथंच. आमच्या ओळीतल्या साऱ्या घरांचं घरकुल एकाच खेपेले मंजूर झालं, अन् माझं तर माझ्याच नावानं. आयुष्यात पहिल्यांदा कोणत्या भिंतीवर माझं नाव लागणार होतं. नियम असा, की आधी जुनं घर पाडून जागा मोकळी करायची, फोटो काढला की पहिला हप्ता. त्यात जोतं बांधायचं, पुन्हा फोटो, मग दुसरा. असं करत छतापर्यंत जायचं.

दुसऱ्या गावांत लोकं अर्धं घर पाडतात, अर्ध्यात राहतात. नाहीतर एका भावाचं पाडतात, दुसऱ्याचं ठेवतात. आम्ही काय केलं? दिवाळी झाली, नायकानं सोमवार ठरवला, अन् साऱ्या ओळीनं एकाच सकाळी घरं पाडली. डफडं वाजलं, गूळ वाटला. पोरंसोरं कवेलू उतरवायले, बाया माती ओढायले. दुपारपर्यंत ओळीत उभं असं काही राहिलंच नाही, एक माझ्या अंगणातला लिंब सोडून. कोणाच्या डोक्यात आलं नाही, की एखादं घर ठेवावं, वेळप्रसंगी कामी येईल.

माझी जाऊ, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या धाकट्या भावाची बायको, तिची जीभ तुले माहीतच आहे. कमरेवर हात ठेवून ती म्हणे, "पाह्य भाभी, आता फक्त बैल तेवढे नाई, नाईतर संध्याकाळी निघालोच असतो."

पहिला हप्ता आला. जोती झाली. आम्ही टिनं अन् ताडपत्र्या बांधून जोत्यांच्या बाजूले राहायले लागलो. दरवर्षी दिवाळीनंतर अर्धा तांडा विटभट्ट्यांवर अन् ऊसतोडीले जाते. त्या साली घर बांधायचं म्हणून सारे थांबले. तसंही भट्टीवाल्यांचं बोलावणं नव्हतंच. शहरात फ्लॅट विकले जाईनात, तर विटा कोण घेते? जुनाच माल पडून आहे म्हणाले.

अन् दुसरा हप्ता आलाच नाही.

फोटो काढायले यायची ती इंजिनिअर पोरगी तुझ्याच वयाची होती, तोंडाले स्कार्फ बांधून स्कुटीवर यायची. गुणाची पोरगी. आम्ही तिले टिनाखाली बसवून चहा पाजला अन् विचारलं, काहून अडलं?

ती म्हणाली, "मावशी, वरूनच निधी नाही. सरकारवर कर्ज झालंय."

जाऊनं कप खाली ठेवला. "सरकारले कोन उधार देते वं? आमाले तं किराणावाला साबनाची वडी देत नाई."

"देतात ना. बँका देतात, मोठेमोठे लोक देतात. त्याचं व्याज आधी भरावं लागतं. मग पगारी, मग पेन्शनी, मग उरलं तर तुमचं."

"म्हंजे आमी पंगतीत शेवटी."

"तुमच्याही मागं मी आहे, मावशी. मी कंत्राटावरची. दिवाळीपासून माझा पगार नाही."

जाऊ उठून चुलीपाशी गेली, तवा ठेवला. मग म्हणाली, "थांब मंग. जेवूनच जाय."

माझं दुखणं दुहेरी होतं. माझी म्हातारपणाची पगार, तुम्ही जिले पेन्शन म्हणता, तीही त्याच हिवाळ्यात थांबली. बाजाराच्या दिवशी आम्ही म्हाताऱ्या घाटंजीले तहसीलात जाऊन विचारून यायचो. साहेब चांगला बोलायचा, बसा म्हणायचा, पण उत्तर तेच, आली की जमा होईल. एकदा त्यानं मले विचारलं, "आजी, पोरगा देत नाही का काही?" मी म्हटलं, "साहेब, पोरगा देते ते पोराचं. हे माह्यं आहे. जन्मभर काम केलं त्याचं आहे." त्यानं मान हलवली. पैसे आले नाहीत, पण मी ते बोलली याचं मले आजही बरं वाटते.

मग पोराचा फोन आला. तो मले याडी म्हणतो, आपल्या बोलीत आई. म्हणाला, "याडी, थंडीत टिनाखाली राह्यली तं मरशील. पुण्याले ये. जागा देऊन टाक कोणाले, घरकुलाचं नाव सोड."

मी म्हटलं, "नाव सोडू? आत्ता तं लागलं."

"कायचं नाव वं? जोत्यावर नाव लिहून झोपतं काय?"

आमचं भांडण झालं. शेवटी मीच शब्द देऊन बसली, की होळीपर्यंत डोक्यावर छत झालं नाही तर तू घ्यायले ये, मी मुकाट्यानं येते. होळी म्हणजे आपला मोठा सण, तेव्हा तो येतोच. शब्द तर दिला. पुण्याच्या त्या एका खोलीत मी एकदा राहिली आहे. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. सून चांगली आहे, पण मी तिथं काय करू? इथं माझी माणसं, माझी बोली, माझा लिंब. होळीपर्यंत घर नाही तर हे सारं गेलं, एवढं मले स्वच्छ कळत होतं.

आता ऐक, इथून पुढं मी थोडी फुगून सांगणार आहे, तर सहन कर.

मी अन् तुझे इकडचे आजोबा कितीतरी हिवाळे वणीच्या बाजूले भट्ट्यांवर काढले. तिकडं कोळसा जवळ, म्हणून भट्ट्या पुष्कळ. मी विटा थापायची. त्या हातांनी थापलेल्या विटांचे बंगले कुठं कुठं उभे आहेत, मले काय माहीत. माझ्या अंगठ्याच्या रेघा साच्याच्या रेतीनंच खाल्ल्या. पैसे काढायच्या मशीनवर अंगठा उठत नाही, मशीनवाला पोरगा चार वेळा पुसून घेते. अन् तांड्यातल्या प्रत्येक घरात असा एक तरी हात होताच. तरी दीड महिना आम्ही जोत्यावर बसून विटांची वाट पाहत होतो, विकत आणायले पैसे नाहीत म्हणून. एका सकाळी दात घासता घासता माझ्या डोक्यात हे आलं, अन् मले हसूच फुटलं.

मी जावेले म्हटलं, "आपन विटा कायले विकत घेतो वं?"

ती म्हणाली, "मंग का चोरून आनतं?"

"थापून."

तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "हे दिवाळीलेच बोलली असती तं तुह्यं तोंड दुखलं असतं काय?"

तलावाचा गाळ न्यायले ग्रामपंचायतीची ना नव्हती. आपली काळी माती नुसती वापरली तर वीट वाळताना फाटते, म्हणून टेकडीकडची पिवळी माती तिच्यात कालवली, धानाचा कोंडा टाकला. गडीमाणसांनी त्या चिखलाचा गारा तुडवला. साचे तांड्यातच होते, कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. आम्ही बाया ओळीनं बसलो अन् थापायले सुरुवात केली. भट्टीवर मालकाची माणसं मोजायले उभी राहत. इथं कोणी नव्हतं. कोणीतरी लेंगी म्हणायले सुरुवात केली, होळीची गाणी, अजून होळीले वेळ असताना. कापूस वेचून झाला होता, शेतातल्या वाळल्या पऱ्हाट्या जळणाले उपटून आणल्या, थोडी कोळशाची चुरी आणली, अन् तांड्याच्या मागच्या पडीत भट्टी लावली. उघडली तेव्हा बाहेरच्या थरातल्या काही विटा पिवळ्या, कच्च्या निघाल्या. त्या आम्ही आतल्या भिंतींत लपवल्या. बाकीच्या लाल, अन् वाजवून पाहिल्या तर खणखणीत. मी एक वीट पदरात घेऊन बसली होती, लेकरासारखी. जाऊ म्हणे, "तिले दूध पाजू नको आता."

पण विटा झाल्या तरी सिमेंट होतं थोडंच. ज्याच्या त्याच्या पहिल्या हप्त्यातून उरलेलं, कोणाकडं दोन पोती, कोणाकडं अर्धं. अन् इथं भांडण पेटलं.

आमचा नायक म्हातारा, पांढरं पागोटं, फार कमी बोलणारा. तो म्हणाला, सारी घरं एकदम चढतील. आधी साऱ्यांचा पहिला थर, मग साऱ्यांचा दुसरा. एकदम पाडली तर एकदमच उभी होतील.

मी उभी राहिली. नायकापुढं बाई उभी राहून बोलते असं आमच्यात फारसं होत नाही. मी म्हटलं, "नायकबापू, तसं सिमेंट खिडकीपर्यंत संपते. साऱ्यांच्या भिंती गुडघ्याएवढ्या, अन् छत कोणालेच नाई. एकेक घर पुरं करू."

"म्हंजे एक जन घरात अन् बाकीचे उघड्यावर? असं ह्या तांड्यात झालं नाई."

"उघड्यावर काहून? जे घर पुरं होईन त्यात सारे म्हातारे अन् लेकरं झोपतीन. ते एकाचं घर नाई, ते पहिलं घर."

नायकानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "मंग पहिले तुह्यंच. बोलली तू, अन् होळीचा शब्दही तूच देऊन बसली."

खरं सांगते, पोरी, हो हा शब्द ओठांपर्यंत आला होता. माझं घर पहिलं झालं असतं तर पुण्याचं संकट टळलंच असतं. पण जावेची सून त्याच आठवड्यात बाळंत झाली होती. टिनाखाली, भरथंडीत, बाजेखाली शेगडी ठेवून. मी ते बाळ रोज पाहत होती. मी म्हटलं, "नाई. पहिले बाळंतिनीचं." मग जिथं म्हातारी माणसं जास्त ती घरं, मग लेकराबाळांची, असं करत मी एकटी, धडधाकट, म्हणून माझं घर जवळपास शेवटी गेलं.

त्या दिवशी जाऊ माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी मात्र दूध घालून चहा आणला अन् वाटी हातात देत म्हणाली, "पुन्याले गेली तं तुह्यी बकरी मी घेईन." मी म्हटलं, "घेजो." ती तिथंच बसून रडली. मी तिले रडू दिलं.

पहिलं घर झालं. वर नवीन टिनं कशी आली? तर बाळंतिणीच्या माहेरच्यांनी दिली. त्या घरात बाळ, बाळंतीण, सात-आठ म्हाताऱ्या अन् मोजता येणार नाहीत इतकी लेकरं. आम्ही तिथं झोपलो ते दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. एक म्हातारी घोरायची, दुसरी तिले ढोसायची, बाळ उठायचं, साऱ्याजणी मिळून त्याले गप्प करायच्या. दुसरं घर झालं तशी गर्दी पांगली, अन् सिमेंट सरत आलं तशा विटा मातीच्या गाऱ्यातच जोडून वरून नुसत्या सांधी सिमेंटनं भरल्या. अन् एक गोष्ट झाली जी आम्ही कोणीच ठरवली नव्हती. जो घरात गेला, त्याच्या झोपडीची जुनी टिनं मोकळी झाली. ती पुढच्या घरावर चढली. डांबर लावून खिळ्यांची भोकं बुजवली की झालं. इंजिनिअर पोरगी यायची, फोटो काढायची, अन् म्हणायची, "मावशी, मी वर पाठवते हं. पैसे कधी येतील ते नका विचारू." आम्ही विचारणं सोडलंच होतं.

होळी आली. माझ्या भिंती खिडकीच्या वरपर्यंत झाल्या होत्या. छत नाही.

पोरगा अन् सून दुपारी उतरले. मी आधीच कपड्यांचं गाठोडं बांधून लिंबाखाली ठेवलं होतं. शब्द तो शब्द. पोरगा आला, पाया पडला, अन् भिंतींपुढं जाऊन उभा राहिला. हात लावून पाहिलं. म्हणाला, "ह्या विटा कोनाच्या?"

मी म्हटलं, "माह्या."

"विकत?"

"थापल्या."

तो एक वीट बोटानं वाजवून पाहू लागला. मीच म्हटलं, "चाल मंग. उद्या धुळवड झाली की निघू. मी काई तक्रार करनार नाई."

तेव्हा सून पुढं आली. ती कमी बोलते, बिचारी. म्हणाली, "आई, कुठं निघायचं? आम्ही खोली सोडून आलो."

त्यांच्यासोबत तीन पिशव्या अन् एक पंखा होता, ते मी तेव्हा पाहिलं. सणाले येणारं माणूस पंखा कायले आणीन? कंपनीनं त्याची अख्खी पाळी बंद केली होती, संक्रांतीच्याही आधी. भाडं भरणं झालं नाही. अन् हा बाबा मले फोनवर पुण्याले ये म्हणत होता.

मी त्याले विचारलं, "काहून सांगितलं नाई?"

"काय सांगू? तू तं टिनाखाली होती. तुले नेऊ म्हनलं, अन् माह्यंच..." लिंबाच्या बुंध्याले टेकून तो खाली बसला, अन् मले तो एकदम शाळेत नापास होऊन आलेल्या दिवसासारखा दिसला.

मग म्हणाला, "याडी, माह्यं पीएफ हाय. काढतो. नवीन टिनं आनू, आठ दिवसांत छत टाकू."

माझं छत, पोरी. ज्याच्यासाठी हिवाळाभर जीव टांगणीले लागला होता, ते तो हातावर ठेवत होता. मी म्हटलं, "नाई. ते तुह्या म्हातारपनाचं हाय. माह्यी पगार सरकारच्या हातात हाय, तिची मी वाट पाहून राह्यली. तुह्यी तुह्या हातात हाय, ती मोडू नको. छत होईन."

"कशानं होईन?"

उत्तर जावेनं दिलं. ती कधी मागं येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "ह्याच्या डोक्यावर टिन पडलं काय लहानपनी? अख्ख्या ओळीची जुनी टिनं मोकळी झाली, ती कोनाच्या घरावर चढवाची, माह्या बकरीच्या?" अन् मग माझ्याकडं वळून, "तुह्या बकरीच्या."

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या भिंती पुऱ्या झाल्या, अन् त्या आठवड्यात छत चढलं. पोरगा कंपनीत वेल्डिंग करायचा, त्यानं टिनं पेलणाऱ्या लोखंडी कैच्या अशा जोडल्या, की नायक खाली उभा राहून वर पाहत राहिला. शेवटचं घर त्याचंच होतं. त्यानं ते पोराकडून जोडून घेतलं. दोन्ही घरांवर टिनं जुनीच, कोणतं कोणाचं ते मी आजही सांगू शकते. माझ्या चुलीच्या वरचं जावेचं आहे, त्यावर तिच्या नातवाची बाज टेकून पडलेला खड्डा आहे.

हप्ते? आले. उशिरा, तुकड्या तुकड्यांनी. त्यातून दारं आली, फरशी आली. शेवटचा हप्ता अजून यायचा आहे, म्हणून बाहेरून प्लास्टर नाही. मले ते आवडते. विटा दिसतात. पगार कधी येते, कधी दोन महिने येत नाही, अन् मी बाजाराच्या दिवशी जाऊन विचारते, कारण विचारणं माझा हक्क आहे. पोरगा यवतमाळले एका वर्कशॉपमध्ये लागला आहे, रोज जाणं-येणं करते. सून तांड्यातल्या पोरींले शिलाई शिकवते. अन् दारावर माझं नाव आहे. पेंटरनं लिहिलं, पण अक्षरं मी सांगितली.

तर फुकट नाही बाई, असं म्हणत जाऊ नको. सरकारनं दिलं तेही आपलंच, अन् जे त्याले देता आलं नाही ते आम्ही मातीतून काढलं. रागावली नाही मी. फक्त तुले माहीत असावं.

आता ये. परीक्षा झाली की सरळ घाटंजीची गाडी पकड, फाट्यावर उतर, तुझा काका गाडी घेऊन उभा राहीन. तुझी खोली पूर्वेकडची, तिथं तो पुण्याचा पंखा लावला आहे. ज्वारीची भाकर अन् चुलीवरचं वांगं करते. जाऊ रोज विचारते, तुह्यी नागपूरवाली कधी येते वं? तिले मी उत्तर काय देऊ? लवकर ये.